पट्टी आणि पेटी

बिबवेवाडीचा पत्ता सांगताना पुणेकर ‘मार्केट यार्डाच्या पुढे’ एवढं सांगून मोकळा होतो. टपाल खात्याचा हिशेबही तसाच आहे. गुलटेकडीचा घाऊक बाजार आणि बिबवेवाडी या दोघांना ४११०३७ हा एकच पिनकोड. पेठांमधला घाऊक व्यापार शहराच्या दाटीतून निघून इथे आला, तेव्हा त्याच्यामागून हमाल, तोलणार, टेम्पोवाले, दिवाणजी असा मोठा गोतावळा या उताराला आला आणि जुन्या वाडीचं उपनगर झालं. या बाजाराबद्दल लिहिणारे बहुतेक जण गाळ्यांबद्दल लिहितात: कांद्याच्या गोण्या, गुळाच्या ढेपा, पहाटेची वर्दळ, अडत्यांची बोली. त्याच आवारात, त्याच पिनकोडावर काही कार्यालयं आहेत आणि त्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. १९८४ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ इथे आहे, महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ इथे आहे आणि १९९१ साली सुरू झालेली ‘महाग्रेप्स’ ही द्राक्ष-निर्यातदार सहकारी संस्थांची भागीदारीही इथलीच. एका बाजूला द्राक्षांची पेटी गाळ्यावर तासाभरात विकली जाते. दुसऱ्या बाजूला त्याच फळाची पेटी तीन आठवड्यांचा समुद्रप्रवास करून युरोपातल्या दुकानात पोचते, आणि तिच्यात काही बिघडलं तर कुठल्या गावच्या कुठल्या बागेतून ती निघाली हे शोधून काढता येतं. एकाच आवारातल्या या दोन रीतींपैकी एक तीस-पस्तीस वर्षांत ओळखू येणार नाही इतकी सुधारली आणि दुसरी जवळपास होती तिथेच राहिली. असं का झालं, हा या लेखाचा विषय आहे.

कार्यपद्धती सुधारण्याच्या गोष्टी आपल्याकडे बहुधा कारखान्यापासून सुरू होतात आणि जपानपाशी संपतात. कायझेन, सिक्स सिग्मा, लीन ही नावं पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या भिंतींवर इतकी टांगली गेली आहेत की पद्धत म्हणजे तक्ता असाच समज व्हावा. शेतमालाच्या बाजारात असल्या पद्धतींचा शिरकाव झालाच नाही, असंही गृहीत धरलं जातं. ते खरं नाही. नियमित बाजारपेठ हीच मुळात व्यवहाराची पद्धत सुधारण्याची मोठी मोहीम होती, आणि तिचा आरंभ पुण्यात नव्हे, वऱ्हाडात झाला. हैदराबाद रेसिडेन्सीच्या अमलाखाली कारंजा इथे १८८६ साली कापसाचा बाजार नियमांखाली आला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. १९२७ चा मुंबई इलाख्याचा कापूस बाजार कायदा, १९२८ चा शाही कृषी आयोगाचा अहवाल, १९३९ चा शेतमाल बाजार कायदा आणि १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा या तिच्या पुढच्या पायऱ्या. रोग ठाऊक होते. रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरायचा आणि माल ज्याचा त्यालाच भाव कळायचा नाही. मापं खोटी असायची. नमुना म्हणून मूठभर, कडता म्हणून शेरभर आणि धर्मादाय म्हणून काही पैसे असं वजा होत होत मूळ रकमेला गळती लागायची. कायद्याने उघड लिलाव आणला, परवानाधारक तोलणार आणला, खर्चाचे दर ठरवले आणि पैसे चुकते करण्याला मुदत घातली.

या सुधारणेचा सगळा ऐवज एका कागदावर दिसतो. माल विकला गेला की शेतकऱ्याला मिळते ती पट्टी. पेट्या किती, वजन किती, भाव काय लागला, हमाली किती, तोलाई किती, मोटारभाडं किती आणि हाती उरलं किती, हे तिच्यावर रांगेने असतं. फळं-भाज्यांच्या पट्टीवर २०१६ पर्यंत शेतकऱ्याच्या माथी अडतही असे. त्या वर्षीच्या फेरबदलाने ती खरेदीदाराकडे गेली. शंभर वर्षांच्या भांडणातून कमावलेला हा कागद आहे, त्याला नाव ठेवण्याचं काम नाही. पण तो एका प्रश्नाला उत्तर देत नाही. माझ्या पेटीला शेजाऱ्याच्या पेटीपेक्षा कमी भाव का लागला? मणी बारीक होते, गोडी उतरली नव्हती, देठ सुकला होता, की नुसती त्या दिवशी आवक जास्त होती? पट्टीवर फक्त आकडा असतो. ज्याला त्यातून काही शिकायचं त्याने अंदाज बांधायचा. नियमित बाजाराने व्यवहारातली लबाडी कमी केली. मालातली खोट मात्र तिच्या कर्त्यापर्यंत पोचवण्याची वाट त्याने बांधली नाही, आणि ते त्याचं कामही कुणी मानलं नव्हतं. माझं म्हणणं असं की सुधारणा तिथेच मुरते जिथे खोटीचा तपशील तिच्या कर्त्याच्या दारात परत येतो. द्राक्षाचा इतिहास त्याचा पुरावा आहे, आणि काही बाबतीत त्याच म्हणण्याला मुरड घालणाराही आहे.

आधी उत्पादनाकडे, म्हणजे फळाकडे पाहू, कारण कालक्रमाने तेच आधी बदललं. पुणे-नाशिककडे भोकरी, फकडी, पंढरी साहेबी अशा जुन्या जाती होत्या. पुण्यात गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रावर डॉ. जी. एस. चीमा यांनी पंढरी साहेबीच्या रोपांतून निवड करत ‘चीमा साहेबी’ काढली. पुढे हैदराबादकडची ‘अनाब-ए-शाही’ आली आणि मग बिनबियांच्या थॉमसन सीडलेसने सगळं चित्र पालटलं. पण खरी गंमत नंतरची आहे. थॉमसनच्या बागांमधून हिंडताना एखाद्या वेलीची एखादी काडी वेगळी वागताना दिसायची. मणी जरा लांबट, घड जरा भरीव. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी अशी काडी हेरून वाढवली, ती ‘तास-ए-गणेश’. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी लांब मण्यांची ‘सोनाका’ आणि काळ्या किशमिशपासून ‘शरद सीडलेस’ काढली. प्रयोगशाळेत न जाता, निसर्गाने केलेला बदल डोळ्यांनी टिपून, कलमाने वाढवून, शेजाऱ्याला देऊन झालेला हा उत्पादन-विकास आहे, आणि महाराष्ट्राच्या निर्यातीचा पाया त्यावर उभा राहिला. बागायतदार संघाची अधिवेशनं, चर्चासत्रं, शिवारफेऱ्या आणि ‘द्राक्षवृत्त’ हे संघाचं मासिक यांमधून ही माहिती फिरत राहिली. एका गावातला छाटणीचा अनुभव वर्षभरात दुसऱ्या जिल्ह्यात पोचायचा. उसात किंवा कांद्यात ही सवय इतकी खोल कधी रुजली नाही. द्राक्षाचा बागायतदार गप्पिष्ट आहे, आणि या लेखापुरतं बोलायचं तर हा गुण भांडवलाइतकाच मोलाचा ठरला.

वेल इथे वर्षात दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. पहिलीनंतरच्या महिन्यांत काडीच्या डोळ्यात घड ‘बांधला’ जातो, दुसरीनंतर तो बाहेर येतो. म्हणजे फेब्रुवारीत तोडलेल्या घडाची निम्मी कहाणी आदल्या उन्हाळ्यात लिहिलेली असते. विरळणी, जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवण्याचं डिपिंग, पाण्याची पाळी, डाऊनी आणि भुरी या बुरशीरोगांवरच्या फवारण्या ही कामं त्यानंतरची. इतक्या लांबच्या आणि इतक्या हातांतून जाणाऱ्या कामात चूक कुठे झाली हे शेवटच्या भावावरून ओळखणं अशक्य आहे. त्यातून द्राक्षाचा बराचसा सौदा तर बाजारातही होत नाही. तो बागेतच होतो. परप्रांतातला व्यापारी येतो, बाग बघतो, दर ठरवतो, आपली माणसं लावून माल तोडतो आणि नेतो. माल दिल्लीत कसा उतरला, किती खराब निघाला, हे त्याचं त्यालाच माहीत. पैसे बुडवून पसार झालेल्या व्यापाऱ्यांच्या बातम्या नाशिक-सांगलीला नव्या नाहीत. त्यांच्याबद्दल संताप पुष्कळ झाला आहे. पण प्रामाणिक व्यापाऱ्याकडूनही बागायतदाराला पैशांपलीकडे काही परत मिळत नाही, याकडे कमी लक्ष गेलं.

१९९१ साली महाग्रेप्स सुरू झाली ती ठिकठिकाणच्या द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांची भागीदारी म्हणून. पणन मंडळाचा पुढाकार होता. राष्ट्रीय सहकारी विकास निगम, राष्ट्रीय फलोत्पादन मंडळ आणि शेतमालाची निर्यात वाढवणारं केंद्राचं प्राधिकरण ‘अपेडा’ यांचा आधार होता. कल्पना साधी होती. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात दक्षिण गोलार्धाचा हंगाम उतरणीला लागतो आणि युरोपचा स्वतःचा सुरू झालेला नसतो, त्या फटीत महाराष्ट्राचं द्राक्ष बसवायचं. आखाती देशांत माल आधीही जात होता, पण आखात जवळ आहे आणि तिथला ग्राहक थोडं चालवून घेई. युरोपला जायचं तर न्हावाशेव्याहून तीन आठवड्यांचा प्रवास. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. आंब्यासारखं वाटेत सुधारत नाही. तोडल्या क्षणी जेवढं चांगलं तेवढंच चांगलं, पुढे फक्त उतरण. म्हणून सगळी करामत त्या उतरणीचा वेग कमी करण्यात.

ती कशी करायची हे इथे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, आणि सुरुवातीच्या हंगामांत तक्रारी येणं साहजिक होतं. या धंद्यातल्या नेहमीच्या तक्रारींची यादी एकदा वाचली तर पद्धत कशी घडली ते कळतं. देठ तपकिरी पडला: तोडणीनंतर माल उन्हात राहिला, पूर्वशीतकरणाला उशीर झाला. मणी गळले: घड हाताळताना झटका बसला, किंवा पक्वता जास्त झाली. देठाजवळ मणी पांढरट पडला: पेटीत ठेवलेल्या कागदातून गंधकाचा वायू प्रमाणाबाहेर सुटला. करडी बुरशी दिसली: वायू कमी पडला किंवा पेटीत ओल जास्त होती. या कागदाला बागायतदार ‘ग्रेप गार्ड’ म्हणतात. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं, ओलाव्याने त्यातून हळूहळू सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बुरशीला आळा बसतो. ओल कमी असून चालत नाही, जास्त असून चालत नाही. म्हणजे तोडणी सकाळच्या गारव्यात व्हायला हवी, माल चार-सहा तासांच्या आत शीतगृहात पोचायला हवा, मण्याच्या आतलं तापमान चार अंशांच्या खाली आणून मग तो शून्याच्या आसपास, भरपूर आर्द्रतेत ठेवायला हवा, आणि हे तापमान जहाजातल्या कंटेनरात अखेरपर्यंत टिकायला हवं. यातली एकही गोष्ट एकट्या बागायतदाराच्या आवाक्यातली नाही. शीतगृह संस्थेचं, पॅकिंगचं साहित्य भागीदारीचं, तोडणीची शिस्त बागेची. तक्रारीतल्या एकेका ओळीने या साखळीतली एकेक कडी दाखवून दिली, आणि कडी ज्याची होती त्याला ती दुरुस्त करावी लागली, कारण माल बहुधा विक्रीनंतरच्या हिशेबावर जात असे आणि बिघाडाचा पैसा शेवटी उत्पादकाच्या खात्यातून वळता होई. भाव आणि कारण दोन्ही एकत्र परत येऊ लागले, हा पट्टीपेक्षा निराळा अनुभव होता.

कारखान्यातल्या गुणवत्ता-शास्त्राचं सारही याहून वेगळं नाही. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शेवार्टने १९२४ साली बेल टेलिफोन समूहात नियंत्रण-तक्ता काढला तो चुकीमागचं कारण ओळखण्यासाठी. नेहमीच्या चढउतारातून खरंच काही बिघडल्याची खूण वेगळी काढता यावी म्हणून. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून तो १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात येऊनही गेला. पण तक्त्यावर ठिपका मांडायचा तर आधी मोजमाप हवं आणि ते कुठल्या यंत्राचं, कुठल्या पाळीचं हे माहीत हवं. द्राक्षाच्या पेटीला हा पत्ता मिळाला तो टप्प्याटप्प्याने आणि ठेच लागूनच. २००३ च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि माल अडला. त्यानंतर अपेडाने अवशेष-तपासणीचा कार्यक्रम आखला. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात, जे १९९७ साली सुरू झालं होतं, त्यासाठी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली. निर्यातीची बाग कृषी खात्याकडे नोंदवायची, तिला क्रमांक मिळायचा, तोडणीपूर्वी नमुना तपासला जायचा आणि तो पास झाला तरच माल पॅकहाउसात शिरायचा. दशकाच्या उत्तरार्धात ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था आली आणि बाग, प्रयोगशाळा, पॅकहाउस, कंटेनर हे सगळं एका माळेत ओवलं गेलं. पेटीवरच्या एवढ्याशा चिकटचिठ्ठीवरून आता उलट चालत जाता येतं: हा माल कुठल्या दिवशी भरला, कुठल्या पॅकहाउसात, कुणाच्या बागेचा, आणि त्या बागेच्या वहीत कुठल्या तारखेला काय फवारलं.

यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो स्वाभिमानाचा. ही कसली आपली सुधारणा, ती तर युरोपच्या दुकानदारांनी लादली. त्यात तथ्य आहे. ब्रिटनमध्ये १९९० च्या अन्नसुरक्षा कायद्याने विक्रेत्याला स्वतःच्या बचावासाठी ‘आम्ही योग्य ती सगळी काळजी घेतली होती’ हे सिद्ध करावं लागू लागलं. सुपरमार्केटवाल्यांनी ती काळजी मागे मागे ढकलत शेतापर्यंत आणली. १९९७ मध्ये त्यांनी युरेपगॅप हे प्रमाणपत्र काढलं, २००७ मध्ये त्याचं ग्लोबलगॅप झालं. वही ठेवा, औषधांचं कपाट कुलुपात ठेवा, मजुरांसाठी हात धुण्याची सोय करा, ही कलमं नाशिक जिल्ह्यातल्या शेतात पोचली ती अशी. पण चाबूक सगळ्यांवरच ओढला गेला होता, सगळेच काही नीट चालू लागले नाहीत. भाजीपाल्याच्या कित्येक मालांवर युरोपने अशीच बंधनं घातली आणि तिथे उत्तर म्हणून नुसती कागदपत्रं तयार झाली. द्राक्षात उत्तर बागेतून आलं, कारण बोलणारा, प्रयोग करणारा आणि एकमेकांना सांगणारा समाज आधीपासून तयार होता. क्षारपड पाणी आणि दुष्काळाला तोंड द्यायला नव्वदच्या दशकात डॉगरिजच्या खुंटावर कलमं करण्याची लाट आली, ती कुठल्याही युरोपियन दुकानदाराने सांगितली नव्हती. बाहेरच्या माणसाने परीक्षा घेतली हे खरं. अभ्यास करण्याची सवय त्याने दिली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही सगळी मोठ्या बागायतदाराची चैन, बारक्याने काय करायचं? प्रमाणपत्राचा खर्च, तपासणीचा खर्च, नाकारलेल्या मालाचा धोका हे दोन एकरवाल्याला झेपत नाही. महाग्रेप्सचा सहकारी साचा याच प्रश्नाचं उत्तर होता. प्रमाणपत्र गटाने घ्यायचं, शीतगृह संस्थेचं वापरायचं, सल्लागार सामायिक ठेवायचा. देवेश रॉय आणि अमित थोरात यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की या मार्गाने विकणाऱ्यांचं उत्पन्न स्पष्टपणे जास्त होतं आणि लहान शेतकरी वगळले जात होते असा पुरावा आढळला नाही. हे समाधानकारक आहे, पण पुरेसं नाही. मुळात मांडव, तारा, ठिबक आणि खुंटाची कलमं यांत पैसा ओतल्यावरच माणूस द्राक्ष बागायतदार होतो. ज्याच्याकडे पाणी नाही तो या अभ्यासाच्या नमुन्यात येतच नाही. शिवाय सुरुवातीला भागीदारीत आलेल्या सगळ्या संस्था टिकल्या नाहीत. ज्या संस्थेने शीतगृह बांधलं पण सभासदाचा माल निवडून नाकारण्याची धमक दाखवली नाही, ती मागे पडली. गावातल्या माणसाला गावातल्याच माणसाने ‘तुझा माल निर्यातीचा नाही’ असं सांगणं ही महाराष्ट्राच्या सहकारातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, आणि तिथे कुठलीही पद्धत कामाला येत नाही.

आणि मग २०१० साल. या वर्षी व्यवस्था होती, क्रमांक होते, वह्या होत्या, प्रयोगशाळेचे दाखले होते, तरीही युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. अवशेष सापडले क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, बागायतदारांच्या बोलण्यात ‘लिहोसिन’चे. हे कीटकनाशक नाही; शेंड्याची वाढ रोखून डोळ्यात घड बांधला जावा म्हणून मुख्यतः खरड छाटणीनंतर वापरायचं संजीवक. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम एवढी बारीक. आपल्या तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हतं, म्हणून दाखले स्वच्छ मिळाले आणि माल तिकडे नापास झाला. उन्हाळ्यात केलेल्या फवारणीची शिक्षा पुढच्या हंगामात, समुद्रापलीकडे, आणि तीही नियम पाळणाऱ्याला. बागायतदारांनी कोट्यवधी रुपये गमावले. कित्येकांनी त्या वर्षी निर्यातीचं नाव टाकलं. ज्यांना ही सगळी पद्धत म्हणजे देखावा वाटतो, ते हेच उदाहरण पुढे करतात.

माझ्या म्हणण्याला मुरड पडते ती इथे. खोट परत आली, नेमक्या बागेपर्यंत आली, आणि तरी ज्याच्या दारात आली त्याच्या हातात ती टाळणं नव्हतं. चूक यादीची होती. यादी ठेवणाऱ्यांकडे नुकसान गेलं नाही, ते बागेकडे गेलं. तेव्हा परतीची वाट असणं पुरत नाही. बाजारातल्या नव्या मर्यादांची खबर छाटणीच्या आधी बागेत पोचवण्याची जबाबदारीही कुणाच्या तरी नावावर हवी, आणि ती चुकली तर झळ त्यालाही लागायला हवी. पण या प्रसंगातून व्यवस्था फोल होती असा निष्कर्ष निघत नाही. उलट क्लोरमेक्वाट कुठून आलं हे काही आठवड्यांत कळू शकलं, यादीत त्याची भर पडली आणि त्या रसायनाचा वापर थांबवण्याचा सल्ला गावोगाव गेला. पट्टीच्या व्यवस्थेत हेच घडलं असतं तर ‘यंदा भाव पडले’ एवढंच कळलं असतं. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सची उभारणी याच काळातली आहे. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीने बागेपासून कंटेनरपर्यंतची साखळी स्वतःच्या हाती ठेवायची, हा तिचा आग्रह त्या धक्क्यातल्या अनुभवाशी जुळणारा आहे.

राहिला प्रश्न गुलटेकडीच्या गाळ्यांचा. निर्यातीच्या पेटीसाठी वापरलेली पद्धत काही फुटांवरच्या देशी पेटीपर्यंत का सरकली नाही? अडत्यांचं उत्तर सरळ आहे आणि ते नुसतं कावेबाज नाही. गिऱ्हाईक क्रमांकाचे पैसे देत नाही. नाशवंत माल सकाळी येतो, दुपारपर्यंत गेला पाहिजे. दहा बागांचा माल वेगळा ठेवत बसायला ना जागा आहे ना वेळ. किरकोळ विक्रेता तर घरी नेऊन पुन्हा निवडतो, पुन्हा भरतो, तिथे कुठला क्रमांक टिकणार? हे सगळं खरं आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली अवशेषांच्या मर्यादा देशातल्या मालालाही लागू आहेत, पण हातगाडीवरून उचललेला नमुना नापास झाला तर तो बागेपर्यंत नेणारा धागाच नसतो, म्हणून बागेत काही बदलत नाही. २०१६ चे फेरबदल, म्हणजे फळं-भाज्या बाजार समितीच्या बंधनातून काढणं आणि अडत खरेदीदाराकडे वळवणं, हे दोन्ही खर्च कुणी सोसायचा आणि माल कुठे विकायचा याबद्दलचे होते. मालाच्या खोटीची माहिती या दोन्हींत कुठेच नव्हती. सुधारणेच्या बाजूने भांडणारे आणि विरोधात भांडणारे दोघेही अजून पट्टीच्याच रकान्यांवर भांडत आहेत.

बारकोड, प्रयोगशाळा, शीतगृह हे सगळं देशी मालाला आज परवडणार नाही हे मान्य करू. पण पट्टीवर एक रकाना वाढवायला फारसा खर्च येत नाही. मणी बारीक, गोडी कमी, देठ सुका, कूज, आवक जास्त: पाच खुणांपैकी एकीवर फुली. अडत्याला हे आधीच ठाऊक असतं. पेटी उघडून दोन मणी तोंडात टाकताना त्याने तोच निवाडा केलेला असतो. हंगामाच्या शेवटी शंभर पट्ट्या पुढे मांडल्या तर बागायतदाराला आपली चूक विरळणीत आहे की तोडणीत, हे दिसू लागेल, आणि संघाच्या चर्चासत्राला त्यातून बोलायला विषय मिळेल. हे सुचवलं की वेळ नाही, मनुष्यबळ नाही, अशी कारणं पुढे येतात. खरी अडचण दुसरीच असावी. भावासोबत कारण लिहून दिलं की पुढच्या खेपेला शेतकरी ते कारण दूर करून येतो आणि मग भावाचा जाब विचारतो.